सिस्टरबाईची गाडी

सुई टोचायच्या आधी सिस्टरबाई दोरा गुंडाळायला बसत. देगलूरच्या सरकारी दवाखान्यात लहानपणी सुई घेतलेल्या कुणालाही विचारा. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातात, दुसरं एका छोट्या बैलगाडीच्या आसावर, आणि समोर रडायचं विसरलेलं पोर. मग ती गाडी टेबलावरून आपली आपण चालत पोरापर्यंत येई, थांबे, जागच्या जागी वळे आणि परत जाई. ती परत पोचेपर्यंत सुई टोचून झालेली असे.

गाडीला चावी नव्हती, बॅटरी नव्हती. मधोमध दुधाच्या भुकटीचा उभा डबा, त्यात जवस, जवसावर शिशाचा गोळा. डब्याच्या बुडाचं बूच काढलं की जवस बारीक धारेनं गळू लागे, गोळा हळूहळू खाली उतरे आणि त्याला बांधलेला टाके घालायचा दोरा आस फिरवी. दोरा आसावरच्या खिळ्याला वळसा घालून उलटा गुंडाळला की गाडी मागे येई. मध्ये थोडी ढील सोडली की तेवढा वेळ थांबे. दोन्ही चाकांना वेगवेगळे दोरे होते, म्हणून वळतही असे. म्हणजे गाडीनं काय काय करायचं ते सगळं आधीच दोऱ्यात सांगून ठेवलेलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आज मी सत्तरी ओलांडली आहे; आठवलं की अजून येतो.

"ज्वारी का नाही घालत?" असं मी एकदा विचारलं होतं. "ज्वारी अडती. जवस निसरडं हाय, तुझ्यावानी," त्या म्हणाल्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "गुंडाळलं तसं उलगडतंय." सासूशी भांडून आलेल्या बाईलाही तेच, पथ्य मोडून आलेल्या म्हाताऱ्यालाही तेच. एकदा एका पोरानं स्वतः दोरा गुंडाळला आणि गाडी टेबलावरून खाली गेली. त्यानं तिला लाथ घातली. बाईंनी गाडी उचलून पदरानं पुसली. "तिला काय मारून राहिलास? तिनं तुझंच ऐकलंय."

बाई मूळच्या अर्धापूरकडच्या, बौद्ध. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये म्हाताऱ्या आईसोबत राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खालच्या फळीवर खेळण्यांची रांग. त्यात रिकाम्या डबीची एक कोंबडी होती. तिच्या पोटातल्या लाटण्याच्या तुकड्यावर जितके खिळे, तितक्यांदा ती चोच मारी. खिळे बदलले की आकडा बदले. आमची जमीन जवळच्या गावात, घर देगलूरला, आणि गावात मान मोठा. माझे आजोबा बाईंच्या हातची सुई घेत, पण त्यांच्या घरचं पाणी घेत नसत. मी मात्र त्यांच्या माठातलं पाणी पीत असे आणि घरी सांगत नसे. न सांगायची सवय मला तिथूनच लागली असावी.

मी सहावीत होतो, त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांनी गाडी पाहिली आणि नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनात पाठवायचं मनावर घेतलं. बाईंना फार आनंद झाला होता. कधी नव्हे ते त्यांनी गाडीला रंग दिला. त्याच सुमारास पोळा आला. पोळ्याला आमच्या दारी बैलांची पूजा झाली की गावातली मोठी माणसं बसत, हेडमास्तरही येणार होते. मी हट्ट धरला, गाडी आमच्या दारात चालवू. बाई जरा घुटमळल्या. मग गाडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दोरा तूच गुंडाळ. तुला येतंय आता."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि तो शेकतात. घरात सगळे गोठ्याकडे गेले होते. माझ्यापुढे गाडीचे दोन लाकडी बैल. मला वाटलं, यांनीही वर्षभर ओढलंच आहे. आजीच्या वाटीतलं लोणी घेऊन मी त्यांचे खांदे मळले. मग विचार केला, खरा भार तर आसावर येतो. म्हणून आसही मळला, चांगला चकचकीत होईपर्यंत. त्यावरच दोरा गुंडाळला, अगदी बाईंनी शिकवला तसा.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. आजोबांसमोर थांबायचं आणि वळायचं, असं मी सांगून ठेवलं होतं. लोणी लागलेला दोरा आसावरून घसरला. गाडी थांबली नाही, वळली नाही. तिरकी जाऊन पूजेच्या ताटावर आदळली. निरांजन आजोबांच्या धोतरावर कलंडलं. माणसं पोट धरून हसली. आजोबा धोतर झटकत म्हणाले, "कुणाचा हात लागलाय, ते दिसलं." तेव्हा कुणी हसलं नाही. बाई फाटकाशी उभ्या होत्या. हेडमास्तर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, प्रदर्शनाचं पुढच्या वर्षी पाहू.

मी गाडी परत द्यायला गेलो. बाईंनी दोरा नाकाशी नेला, मग आसावरून बोट फिरवलं.

"खांदेमळणी केलीस व्हय?"

मी मान डोलावली.

"माया केलीस, चांगलं केलंस. पर आस कोरडाच लागतो, बापू."

"तुम्ही आजोबांना सांगणार?"

"म्या न्हाई. ते तू सांगायचंस."

त्यांनी सोड्याच्या पाण्यात दोरा धुतला आणि तारेवर वाळत घातला. मी सांगितलं नाही. आधी माराच्या भीतीनं, मग लाजेनं, मग आता कशाला म्हणून. त्यानंतर टेबलावर गाडी कधी दिसली नाही. पोरं पुन्हा रडतच सुया घेऊ लागली. पुढे बाईंची माहूरकडे बदली झाली. आमच्या घरात मात्र एक म्हण मागे राहिली. विहिरीवरची मोटार जळली, लग्न मोडलं, पोरगा नापास झाला की म्हणायचं, "सिस्टरबाईची गाडी झाली." मीही म्हणालो आहे.

मी आता लातूरला मुलाकडे असतो. माझी नात सई हिच्याकडे बाणांची बटणं असलेली एक मोटार आहे. आधी बटणं दाबून सांगायचं, मग ती तशी चालते. परवा ती भिंतीवर धडकली. माझ्या तोंडून सवयीनं म्हण निघून गेली. सईनं गाडी उचलून पुसली आणि म्हणाली, "आजोबा, तिला नावं ठेवू नका. मीच एक बाण जास्त दाबला."

मी देगलूरला दादाला फोन लावला. दादा माझ्याहून मोठा. त्या दिवशी तोही तिथे हसला होता. सगळं सांगितलं.

"आसाला लोणी लावलतंस?" दादा म्हणाला.

"हाव."

"मग बाईंची गाडी बरोबरच होती की रे."

"हाव, दादा."

"बाईला सांगायला पाहिजे व्हतं."

"बाईंना ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

दादानं फोन ठेवला. संध्याकाळी त्याच्या सुनेचा फोन आला. तिला काही उमगत नव्हतं. मामंजींनी दुपारी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं म्हणे, आणि सांगितलं की या घरात ती म्हण पुन्हा कुणी काढायची नाही. मग नातवाला बाजारात पाठवून शेरभर जवस आणि दुधाच्या भुकटीचा डबा मागवला.