शनिवारचा युरिया

पती कृष्णकांत वारले, त्यानंतर कुमुदताई दर शनिवारी खांदा कॉलनीतून रिक्षा करून एकट्याच नेऱ्याच्या फार्महाऊसवर जाऊ लागल्या. घरापुढची हिरवळ जागोजाग उडाली होती. कुठे शेवाळ, कुठे नुसती माती. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना कारण ठाऊक होतं. इथली माती मुळातच आंबट, त्यात नवरा वर्षानुवर्षं मूठ मूठ युरिया फेकत आलेला. आंबटपणा मारायला चुना घाला, असं त्या सांगत राहिल्या. कृष्णकांतांनी कधी ऐकलं नाही. शेवटच्या आठवड्यातही दोघांचं याच्यावरूनच वाजलं होतं.

आता कुमुदताईंनी माती तपासून आणली, चुना पसरला, महिन्याने शेणखत घालून हरळीची मुळं लावली. तरी कोवळं गवत करपून जाई. मग एका शनिवारी उघड्या मातीवर पांढरे, ताजे दाणे दिसले. पुढच्या शनिवारीही. युरियाच.

फाटकाला कुलूप होतं. माळी दयारामला, तू टाकतोस का, असं विचारलं, तर खाली बघत तो "नाय" म्हणाला. त्यानंतर त्यांना हिरवळीकडे पाठ करून बसवेना. मागे ओळखीचं कुणी खाकरतंय असं वाटे. एकदा तर रिकाम्या अंगणाकडे बघत त्या म्हणाल्या, "पुरे करा हो आता."

दयारामने ते ऐकलं. हातातला पाईप टाकून तो पायरीपाशी आला.

"बाई, त्यो मीच टाकतो. साहेबांनी हास्पिटलात सांगितलेला. पोता सरेपरत टाकत रा, बाईंना बोलू नको."

कुमुदताई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणखी काय सांगितलं होतं त्यांनी?"

तो आठवून सांगू लागला. पाईप उन्हात ठेवू नको. आंब्याखाली बाकडं कर, बाईंचे गुडघे दुखतात.

युरिया थांबला आणि पावसाळा सरता सरता हिरवळ भरून आली. ते खाकरणंही थांबलं. इतकी शांतता कुमुदताईंना सोसवेना. दर शनिवारी त्या दयारामला विचारत, आणखी काही आठवतं का. नाय, म्हणता म्हणता एकदा तो अडखळला आणि म्हणाला, "साहेब बोललेले, कोपऱ्यात शेवगा लावा."

कृष्णकांतांना शेवग्याचा वासही खपत नसे. हे कुमुदताईंना चांगलं ठाऊक होतं. तरी पुढच्या शनिवारी शेवग्याचं रोप पोटाशी धरून त्या रिक्षातून उतरल्या.