सेठजींनी ओढलेली वायर

आमचे सेठजी स्वतःच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसले होते आणि मी दारात पहारा देत होतो. बाहेर नोकरीसाठी आलेले दोघे बसले होते. त्यांना हे दिसू नये, एवढंच माझं काम.

इकडे हिंदी मुलखात, भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. हेल्पडेस्कसाठी हाताखाली एक माणूस हवा होता. हेल्पडेस्क म्हणजे 'कॉम्प्युटर चालत नाही' असा फोन आला की धावत जाणारा. सर्टिफिकेट बघून निवडू, असं मी म्हणालो. सेठजी हसले.

"लाइसेंस तो हर ड्राइवर के पास होता है, भैया. मैं पहले ट्रक बैक करवाता हूँ."

म्हणून त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरची नेटवर्क वायर जरा ओढून ठेवली. क्लिप सुटली की वायर लावलेली दिसते, पण नेट बंद पडतं. मग कपडे झटकून ते खुर्चीत बसले आणि चेहरा दुःखी केला.

पहिल्या उमेदवाराला सेठजींनीच बोलावलं होतं; अकरा सर्टिफिकेटंवाला ट्रक कसा बैक करतो, ते त्यांना बघायचं होतं. मी एकेक वाचलं. नऊ ऑनलाइन सेमिनारला हजर राहिल्याची, एक टायपिंगचं, एक रक्तदानाचं. त्याने स्क्रीन पाहिली आणि निदान केलं.

"विंडोज़ गया सर. फॉर्मेट मारना पड़ेगा."

फॉर्मेट म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात. आत वर्षभराच्या बिल्ट्या होत्या, म्हणजे मालाच्या पावत्या. त्याचा हात कीबोर्डकडे जाताच सेठजींनी घाईने चहा मागवला आणि त्याला निरोप दिला.

दुसरी प्रज्ञा. वडील रेल्वेत, घर मूळचं भंडाऱ्याकडचं. तिला मी बोलावलं होतं. फाइलमध्ये हार्डवेअर-नेटवर्कचं एक सर्टिफिकेट.

"एकच?"

"हव काका, एकच. पण याचा पेपर द्यावा लागला मले."

मी तारीख पाहिली. हे सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. चार महिने उरले होते.

"इतके दिवस काय केलं?"

"फिरून राहिली. सगळे अनुभव मागतात. अनुभव कुठं भेटते विचारलं, तर म्हणतात नोकरीत. मुदत संपली का पुन्हा फी, पुन्हा पेपर. बाबा म्हणतात, आता पुरे, बी.एड. कर."

आत गेल्यावर तिने कॉम्प्युटरला हातही लावला नाही. सेठजींसमोर बसली.

"कब से बंद है, सेठजी?"

"अभी-अभी."

"उसके पहले आपने कुछ किया था?"

"मैंने? कुछ नहीं." सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"कोई बात नहीं, सबसे हो जाता है. कोई तार हिली क्या?"

सेठजी टेबलाखाली डोकावले. "थोड़ी-सी खींची थी."

"कौन सी?"

त्यांनी बोटाने दाखवली. तिने ती दाबली. टक् आवाज झाला, हिरवा दिवा लागला.

"ये क्या बात हुई," सेठजी म्हणाले. "तूने ढूँढा कहाँ? मुझसे ही उगलवा लिया."

"कोर्स में पहली बात यही है. यूज़र से पूछो, और इल्ज़ाम मत लगाओ."

युझर म्हणजे कॉम्प्युटर वापरणारा. काही वेळा तोच बिघाडही असतो.

सेठजींनी विचार केला. "वैसे ट्रक बैक करते टाइम भी पीछेवाले से पूछना ही पड़ता है." सोमवारपासून तिला कामावर यायला सांगितलं.

तो एक कागद नसता तर मी तिला बोलावलंच नसतं, कारण अनुभवाचा रकाना कोरा होता. म्हणून तीन महिन्यांनी, मुदत संपायच्या आत पुन्हा पेपर द्यायला मीच तिला सांगितलं आणि फी कंपनीने भरावी म्हणून सेठजींकडे गेलो.

"अब किसलिए?" ते म्हणाले. "नौकरी तो लग गई."

सर्टिफिकेटची किंमत नोकरी लागेपर्यंत उमेदवाराला कळते. लागल्यावर ती मालकाला समजावून सांगावी लागते. फी अर्धी कंपनीने, अर्धी प्रज्ञाने भरायची ठरली.