काकाजींचं सहावं ठिगळ

बनवणाऱ्यानेच टाकून दिलेल्या वस्तूवर जीव लावण्यात माझ्या मैत्रिणीच्या काकाजींचा हात धरील असा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही. रिसोडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर एका बाजूला ब्लाउजपिसांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढे, वायरी लोंबणारे हिरवे बोर्ड. मोबाइलात असते तशी स्वस्त चिप बसवलेला हा एकेक लहानसा कॉम्प्युटरच. कंपनी तो विकते, कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली स्वतः कापाकापी करून सोबत देते आणि वर्ष-दोन वर्षांत नवा बोर्ड काढून जुन्याकडे पाठ फिरवते. मग जगभरातली काही माणसं फुकटात बसून त्या बोर्डाचं वर्णन मूळ लिनक्समध्ये घालतात, म्हणजे पुढची प्रत्येक आवृत्ती त्यावर आपसूक चालते. त्या माणसांत रिसोडचे एकटे काकाजी.

गिऱ्हाईक बाई अस्तराचं कापड मागत असते आणि काकाजी स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळी वाचत असतात. "थांब व माय, बोर्ड सुरू होऊन राह्यला." "तो सुरू होईस्तोवर माह्या पोरीचं लगन होऊन जाईन, काकाजी!" तरी बाई उठत नाही, कारण काकाजी मीटरमागे चार बोटं कापड जास्त सोडतात. जैन माणूस, सूर्यास्ताच्या आत जेवणार. पण अहिंसेचा त्यांचा नेम कॉम्प्युटरपर्यंत पोचलेला. अडकलेला प्रोग्राम बंद करण्याच्या आज्ञेचा इंग्रजी अर्थ 'ठार मार' असा होतो, म्हणून त्यांनी 'विराम' नावाची स्वतःची आज्ञा करून घेतली. आत तर तेच घडतं, हे मी दाखवून दिलं. "असू दे पोरी, माह्या बोटाले तर माहीत नाही ना," ते म्हणाले.

जऊळका गावच्या वाचनालयात आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून असे सहा बोर्ड बसवले होते. कंपनीने हात वर केले, सॉफ्टवेअर जुनं पडलं आणि भरतीचे अर्ज भरायच्या साइट त्यांवर उघडेनात. एकेका अर्जासाठी मुली जीपने वाशीमला जाऊ लागल्या. काकाजींनी त्या बोर्डाचं वर्णन लिहायला घेतलं. अशा दुरुस्तीला ते ठिगळ म्हणतात. ठिगळ ईमेलने तपासणाऱ्याकडे जातं, आणि त्याची प्रत या कामातल्या जगभरच्या सगळ्यांना. तपासणारे राहतात युरोपात. दुकानात त्यांचं नाव 'साहेब'. शेजारचा भांडीवालासुद्धा विचारायचा, "आलं का साहेबाचं पत्र?" यायचं. ओळींचा क्रम चुकला. हे नाव नियमात बसत नाही. एकाचे दोन तुकडे करा. ठिगळ पाच वेळा परत आलं.

पाचव्या वेळी मी तापले. "काहून ऐकून घेता तुमी, काकाजी? कंपनी फसवते, साहेब छळतो, अन् पोरी जीपने हिंडतात!" तिथेच बसून मी पत्र लिहिलं. घरात लहानपणापासून चळवळीची पत्रकंच वाचलेली, दुसरं लिहिता येतं कुठे? त्यात 'फुकट राबणाऱ्यांचा अपमान' होता, 'मक्तेदारी' होती आणि साहेबांचं नाव तीनदा होतं. काकाजींनी वाचलं, चष्मा पुसला आणि आपल्या सहीने सगळ्यांना पाठवून दिलं. पुढे दोन महिने साहेबांची एक ओळ आली नाही. पत्र फारच प्रभावी झालं होतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं. त्यानंतरच्या क्षमावणीला जैन मंडळी घरोघरी हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. काकाजींनी गावातली घरं संपवली आणि मग त्याच साऱ्या जगाला ईमेल लिहिलं : 'माझ्याकडून कळत-नकळत कुणाचंही मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.' कारण दिलं नाही, माझं नाव घेतलं नाही. तिकडे गोंधळ उडाला. एकाने विचारलं, तब्येत बरी आहे ना? दुसऱ्याने विचारलं, हे कोणत्या ठिगळाबद्दल? तिसऱ्याने बजावलं की इथे फक्त कामाचं लिहावं. तीन दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं : 'मीही कडक बोललो. मलाही क्षमा करा. बाराव्या ओळीत अजून एक चूक आहे.'

काकाजींनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. "पाह्य, माणूस चांगला आहे. बारावी ओळ खरंच चुकली व." सहावं ठिगळ स्वीकारलं गेलं. पुढे नवी आवृत्ती आली आणि जऊळक्याचे सहाही बोर्ड तिच्यावर सुरू झाले. पहिला अर्ज एका मुलीने वनरक्षकाच्या जागेसाठी भरला.

मला मात्र त्या क्षमावणीची सकाळ आठवते. काकाजी आमच्याही दारात आले होते. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा माणूस हात जोडून म्हणाला, "तुहा कागद मी थांबवाले पायजे होता. मोठा होतो मी. उत्तम क्षमा, पोरी." यावर आपणही 'उत्तम क्षमा' म्हणायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "चहा घ्या ना, काकाजी." ते पायरीवर टेकले. बशीत ओतून त्यांनी तो चहा फार सावकाश प्यायला, मधे दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग चपला घालून पुढच्या घराकडे निघाले, आणि मी रिकामी कपबशी हातात घेऊन दारातच उभी राहिले.