वन्सं आणि उघाडीवरचा डबा

उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या ज्या खोलीला बाहेरून कुलूप आहे आणि आत माणूस नाही, अशा प्रत्येक खोलीत आमच्या वन्संचं काही ना काही चालू आहे. गावाबाहेरचं पंपघर असो, बर्फाच्या कारखान्यामागची मशीनची खोली असो, नाहीतर जेट्टीच्या टोकाची पत्र्याची टपरी असो. दार उघडलंत की भिंतीवर एक करडा लोखंडी डबा दिसेल, आत हिरवे दिवे लुकलुकत असतील आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असेल, ‘हात लावायच्या आधी मला फोन करा.’ खाली नाव नाही, नंबर नाही. आपला नंबर सगळ्यांकडे असतोच अशी वन्संची समजूत आहे, आणि कबूल करायला हवं की तो असतोही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. मी लग्न होऊन खाडीकाठच्या खारेपाटातल्या त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी त्यांची ओळख करून दिली ती एवढीच, “ही माझी मोठी. खांबावर चडते.” तेव्हा वन्सं टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होत्या, आणि त्या कामावर असलेली अख्ख्या तालुक्यातली एकुलती एक बाई होत्या. लग्न त्यांनी केलंच नाही. का, म्हणून कुणी विचारलं तर सांगतात, “स्थळ आलं तवा मी खांबावर होते. उतरेपर्यंत ते गेलं.” पुढे तारांचे फोन गेले, खांब गेले, वन्संनी नोकरी सोडली आणि पन्नाशीला आल्यावर एका संस्थेत जाऊन, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून, या डब्यांचं काम शिकल्या. पहिल्या दिवशी मास्तर त्यांना पालक समजले आणि बाहेर थांबायला म्हणाले. वन्सं बाहेर थांबल्या नाहीत.

डब्याला ‘स्विच’ म्हणतात. या एका शब्दानं वन्संचं अर्धं आयुष्य खाल्लं आहे, कारण स्विच म्हटलं की लोक भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघतात. त्यांना वन्सं समजावतात ते असं, “पंप हाय, पान्याचा काटा हाय, क्यामेरा हाय. त्या समद्यांच्या तारा या डब्यात येत्यात, आनि डबा त्यांचं म्हननं हापिसात पोचवतो. पोचवायला बाहेर एक तार हाय. ती तुटली तर? म्हनून डब्याच्या पोटात सिम घातलंय, तुमच्या मोबाइलमदी असतं तसं. होडीला इंजिन असलं तरी शीड ठेवत्यात का न्हाय?” ऐकणारा कोळी असला तर लगेच मान हलवतो. ऐकणारा साहेब असला तर वन्सं त्याला चहा पाजतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

खाऱ्या वाऱ्याशी त्यांचं जुनं वैर आहे. आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा चार वर्षांत खपल्या टाकतात, मग डब्यातल्या बारीक पितळी टोकांची काय कथा. त्यामुळे नव्या चपलांच्या खोक्यात ओलावा शोषणारी ती जी पांढरी पुडी असते, ती आमच्या सगळ्या नातेवाइकांत वन्संच्या हक्काची आहे. लग्नसराईत तर त्या आहेर देताना डोळ्यांत डोळे घालून विचारतात, “नवरीच्या चपला नव्याच हायेत ना?” एकदा माझ्या भाचीच्या वरातीच्या गडबडीत त्यांनी अकरा पुड्या जमवल्या आणि त्या दिवशी त्या नवऱ्यामुलाच्या आईपेक्षा जास्त खुशीत होत्या. डब्यात पाल शिरू नये म्हणून तारा जिथून आत जातात तिथली भोकं त्या इतक्या निगुतीनं बुजवतात, की एवढ्या निगुतीनं मी करंजीच्या कडाही कधी दाबल्या नाहीत.

पण त्यांची खरी खोड निराळीच. वन्सं तार उपटतात. चालू असलेली, ठणठणीत, कुणाचं काही न बिघडवणारी तार त्या येऊन उपटतात आणि मग हाताची घडी घालून बघत उभ्या राहतात. “उपटून बघितल्याबिगर दुसरी वाट हाय का न्हाय ते कसं कळनार?” किहीमला एका मुंबईकरांच्या कॉटेजमध्ये त्यांनी असा डबा बसवला होता. मालक चार पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते की आमच्याकडे इंटरनेट कधी जात नाही, आणि त्याच क्षणी वन्संनी भिंतीतून केबल काढली. मालकांचा चेहरा पांढरा पडला. पडद्यावरचं क्रिकेट पाच-सहा सेकंद थबकलं, गोलंदाज हात वर करून उभा राहिला, आणि मग चेंडू पडला. “आलं बघा सिमवर,” वन्सं म्हणाल्या आणि केबल परत लावली. आमच्या घरीही त्यांनी असाच डबा बसवलाय, आणि माझ्या मुलीची नोकरीची मुलाखत घरून संगणकावर चालू होती, तेव्हाही त्यांनी हेच केलं. मला दारातून दिसलं. माझ्या हातून पोह्यांची ताटली सुटली. मुलीला पत्ताही लागला नाही. तिची निवड झाल्याचं कळलं तेव्हा वन्संनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, “निम्मी मुलाखत माझ्या सिमवर झाली.” तेव्हापासून आमच्या घरात ती नोकरी निम्मी त्यांचीच मानतात.

सिमचं रिचार्ज हा त्यांच्या घरातला धार्मिक विधी आहे. कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात ‘जेट्टी’, एकादशीच्या चौकोनात ‘पंप’ असं लिहिलेलं असतं. एका कचेरीतल्या कारकुनानं त्यांना विचारलं होतं, “मॅडम, हे सिम वर्षभर वापरलंच गेलं नाही, मग रिचार्ज कशासाठी?” वन्संनी त्याच्या डोक्यामागे टांगलेल्या लाल नळकांड्याकडे बोट केलं. “ती आग विझवायची बाटली किती येळा वापरली?” कारकुनानं मागे वळून पाहिलं. त्या बाटलीची मुदत कधीच संपून गेली होती. सही तर मिळालीच, वर दुसऱ्या आठवड्यात कचेरीत नवी बाटलीही आली.

आता उघाडीची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय वन्सं कळायच्या नाहीत. आमच्या खारेपाटात एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधाला जे दार असतं ती उघाडी. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत बंद करायची, नाहीतर खारं पाणी शेतात येतं. आणि एकदा का खारं पाणी भातात उभं राहिलं की त्या वर्षीचं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन पिकत नाही. आमच्या गावच्या उघाडीचं दार एक आबा चाळीस वर्षं हातानं खालीवर करत आले होते. त्या दाराला मोटर बसली, पाण्याची उंची मोजणारा काटा बसला, आणि तालुक्याच्या कचेरीतून दार हलवायची सोय झाली. मधला डबा वन्संचा.

आबा वन्संशी बोलेनासे झाले. नवी खोली बांधली होती, तिच्या सावलीतही ते बसत नसत, उन्हात बसत. वन्सं रोज जायच्या आणि त्यांच्याशेजारी उन्हात बसायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी आबा म्हणाले, “तुजा डबा भरतीला वळकतो काय?”

“न्हाय वळकत,” वन्सं म्हणाल्या. “तुमी वळकता. म्हनून तर बसलेय.”

मग आबांनी सांगितलं, काटा कुठं चुकीचा लागलाय, दक्षिणेचा वारा असला की पाणी कुठल्या दगडापर्यंत येतं, अमावास्येला कसं धावत येतं. वन्संनी काटा हलवला. या डब्यात दोन कंपन्यांची दोन सिमं होती, त्यांतल्या दुसऱ्याला रेंज मिळेना. त्या हातात फोन धरून बांधावर तीन दिवस हिंडल्या. गाव हसलं. आबांनी शेवटी बांधाच्या वळणावरचा एक दगड दाखवला. “पलीकडं खाडीपार माजी लेक दिलीय. तिचा फोन लागतो तो हितंच उभं ऱ्हायलं की. दुसरीकडं कुटं न्हाय.” वन्संनी त्याच दगडाशेजारी खांब रोवला, वर अँटेना चढवली, आणि तिथून खोलीपर्यंत तार नेली. इंजिनियर साहेबांनी नकाशात तो खांब नाही म्हणून कुरकुर केली. वन्संनी पेनानं नकाशात खांब काढून दिला. आणि हातानं दार फिरवायचा दांडा मोटर आल्यावर काढून टाकायचा होता, तो मात्र त्यांनी काढू दिला नाही. “सिम गेलं तर आबा हायेत,” असं त्यांनी लेखी दिलं.

आम्ही अलिबागला राहायला गेलो होतो, तिथे दोन वर्षांनी सर्वपित्री अमावास्येला वन्सं आल्या होत्या. पानं मांडायची तयारी चालली होती. आठवडाभर पाऊस लागून होता, भात पोटरीला आलं होतं. साडेदहाच्या सुमाराला वन्संचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि हातातलं भोपळ्याचं पान खाली ठेवलं. “उघाडीची तार गेली. डबा सिमवर आलाय.” रस्त्याकडेला कुणीतरी जेसीबीनं चर खणत होतं, त्यात केबल तुटली होती, ते आम्हाला नंतर कळलं. “मग आलाय ना सिमवर, जेवून जा,” हे म्हणाले. वन्संनी घड्याळ बघितलं. अमावास्येची भरती भर दुपारी असते. सकाळी शेतातलं पाणी काढायला दार उघडलेलं होतं, ते अजून उघडंच होतं.

मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसले. पोयनाडच्या अलीकडे त्यांनी फोन बघायला गाडी थांबवली आणि बघतच राहिल्या. फोनला रेंज नव्हती. त्या भागातला टॉवरच बिघडून बंद पडला होता, आणि डब्यातलं पहिलं सिम त्याच कंपनीचं होतं. वन्सं एरवी गाडी चालवताना रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाचा इतिहास सांगतात. त्या दिवशी त्यांनी नुसता वेग वाढवला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. रेनकोटाखाली तो खांदा लाकडासारखा ताठ झालेला मला जाणवत होता.

बांधावर पोचलो तेव्हा खाडी फुगून तपकिरी झाली होती आणि पाणी दाराच्या चौकटीला लागलं होतं. पावसात आबा उभे होते, दोन्ही हात दांड्यावर ठेवून. दांडा ते फिरवत नव्हते. मोटर घरघरत होती आणि दार आपोआप, सावकाश, खाली उतरत होतं. खोलीत डब्यावर दुसऱ्या सिमचा दिवा लागलेला होता. खाडीपारच्या टॉवरवरून, आबांच्या लेकीच्या वाटेनं, कचेरीतला हुकूम उघाडीपर्यंत आला होता.

दार टेकलं. खाडीकडून पाणी येऊन त्यावर आपटलं आणि मागे फिरलं. आमच्या बाजूला भात जसं होतं तसं उभं राहिलं. आबा म्हणाले, “वेळेवर उतरलं.” चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कामाला एवढं म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही. वन्सं म्हणाल्या, “आबा, दोन आटे आवळा. मशीनला तुमच्यासारखं आवळता येत न्हाय.” आबांनी अंगाची सगळी ताकद लावून दोन आटे आवळले.

परत येताना मी विचारलं, “मशीनला खरंच नीट आवळता येत नाही का हो?”

“येतं की,” वन्सं म्हणाल्या. “पुरं येतं.” आणि मग पोयनाड येईपर्यंत त्या हमसून हमसून रडल्या, गाडी मात्र एकदाही डगमगली नाही.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. पितरांची पानं केव्हाच वाढून झाली होती आणि वन्संचं पान झाकून ठेवलेलं होतं. मी शाळेत शिकवते, शब्दांत माझं आयुष्य गेलं, पण त्या दिवशी शेजारणीनं “कुठं गेला होतात?” म्हणून विचारलं, तेव्हा वन्संनी जे केलं ते तिला कळेल अशा शब्दांत मला सांगता येईना. बुडालेलं शेत दाखवता येतं. न बुडालेलं कसं दाखवायचं?

आबा परवाच्या उन्हाळ्यात गेले. वन्संचे गुडघे आता कुरकुरतात, खांबावर चढायचं त्यांनी बंद केलंय, आणि उघाडीचं काम नव्या ठेकेदाराकडे गेलं आहे. त्याच्याकडे कामाला असलेली मुलं हुशार आहेत, असं वन्सं स्वतःच सांगतात. मागच्या दिवाळीच्या आधी मी त्यांना घेऊन बांधावर गेले. कापणी चालली होती. आम्ही चपला हातात घेऊन वळणापर्यंत चालत गेलो. खालच्या शेतात एक नवी सून विळा घेऊन उभी होती, तिनं कपाळावरचा घाम पुसत विचारलं, “कोनाकडं आलाव?”

मी सांगणार होते. सगळं सांगणार होते, पहिल्यापासून. वन्संनी माझा हात दाबला.

“कोनाकडं न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “भात कसं झालंय ते बघाया.”

“बरं झालंय यंदा,” ती म्हणाली आणि खाली वाकून पुन्हा कापू लागली. वन्सं बराच वेळ तिथेच उभ्या राहून बघत होत्या. मी काही त्यांना घाई केली नाही.