पाद्रीवकिलांची कबुली

परळच्या चाळींत त्यांना रेव्हरंड हेमचंद्र सरोदे असं कुणी म्हणत नसे. पाद्रीवकील म्हणत. सकाळी ते परळच्या एका लहानशा मराठी चर्चचे पाळक असत, दुपारी काळा कोट चढवून भोईवाड्याच्या कोर्टात उभे राहत आणि रविवारी उपासना आटोपली की तुरुंगात जात. मी त्यांचा ज्युनियर. गिरगावातला आगाशे. पाद्र्याच्या हाताखाली वकिली शिकतो म्हणून आमच्या वाडीत माझी यथेच्छ थट्टा होई, आणि तिचा राग मी सरोद्यांवर काढत असे. दोन डगरींवर हात ठेवणारा माणूस मधल्या मध्ये पडतो, हे मी त्यांना तोंडावर सांगायचो. ते हसायचे.

"आगाशे, डगरी दोन असतील, पण खड्ड्यात पडलेला माणूस एकच आहे ना?" म्हणायचे.

ते मूळचे नगरकडचे. तरुणपणी पाळक होऊन मुंबईला आले आणि कैद्यांबरोबर प्रार्थना करायला तुरुंगात जाऊ लागले. तिथे त्यांना कळलं की यांतल्या कित्येकांना अजून शिक्षा झालेलीच नाही. खटला उभा राहायची वाट बघत नुसते पडून आहेत. यांना माझी प्रार्थना हवी आहे, पण त्याआधी जामीन हवा आहे, असं म्हणून हा गृहस्थ चाळिशीला आल्यावर मिसरूड फुटलेल्या पोरांबरोबर कायद्याच्या वर्गात जाऊन बसला. वकील झाल्यावर फी कुणी दिली तर घ्यायचे, नाही दिली तर विसरायचे. पहिल्यांदाच पकडलेली कोवळी पोरं मुरलेल्या गुन्हेगारांच्या बराकीत ठेवू नयेत, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. एका साहेबाने तर कंटाळून त्यांना खुर्ची देणंच बंद केलं होतं. हे उभ्याने बोलत.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हटल्यावर गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि मग पोरांची धरपकड सुरू झाली. त्यात रघू सापडला.

रघूची आई रखमाबाई लालबागच्या चाळीत गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. बाई साताऱ्याकडची, विधवा, तोंडाने कमी आणि हाताने जास्त. रघू तिचा एकुलता. नुकताच गिरणीत लागलेला. त्याने मारलेल्या दगडाने एका हवालदाराचा डोळा गेला, असा त्याच्यावर आरोप होता.

ती चर्चच्या दाराबाहेर उपासना संपेपर्यंत उभी होती. सरोदे बाहेर आल्यावर म्हणाली, "सायेब, माझं पोरगं मला आणून द्या. दुसरं कायबी नगं."

"आणून देतो, बाई," सरोदे म्हणाले.

वकिलाने असा शब्द कधी देऊ नये. तो त्यांच्यातल्या पाद्र्याने दिला.

खरं तर खटला पोकळ होता. त्या गर्दीत दगडांचा पाऊस चालला होता. मारणाऱ्याला हवालदाराने स्वतः पाहिलं नव्हतं. उरला एकच साक्षीदार, आणि त्याने ओळखपरेडीत आधी दुसऱ्याच मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता. रघूने फक्त 'कबूल नाही' म्हणायचं, पुढचं आम्ही बघून घेणार होतो. सरोद्यांनी ते दोन शब्द त्याच्याकडून घोकून घेतले. मी मनातल्या मनात पोराला घरी पोचवूनसुद्धा टाकलं होतं.

आणि तारखेच्या आधी रविवार आला.

नेहमीप्रमाणे सरोद्यांनी तुरुंगात प्रवचन केलं. केलेली चूक पोटात झाकून ठेवली की ती आतल्या आत कुजते, तोंडाने कबूल केली की माणूस मोकळा होतो, असं ते बोलले. त्यांचा सगळा रोख पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या घरफोड्याकडे होता. हिंदू पोरंही या प्रवचनाला यायची, कारण तेवढाच वेळ बराकीबाहेरची हवा मिळायची आणि सरोद्यांचा गाता गळाही गोड होता. घरफोड्या पेंगत होता. मागच्या रांगेत रघू ऐकत होता.

दगड मारून हवालदाराला जखमी केलंस, हे कबूल आहे का, असं मॅजिस्ट्रेटांनी विचारलं तेव्हा रघूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याने सरोद्यांकडे पाहिलं.

"व्हय. मारला दगड. कबूल हाय."

मॅजिस्ट्रेट वयस्क आणि भला माणूस होता. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "वकीलसाहेब, मधल्या सुट्टीत आपल्या अशिलाशी बोलून घ्या. सुट्टीनंतर मी पुन्हा विचारीन."

याहून जास्त कोर्ट काय करणार? मी सरोद्यांच्या कानात म्हटलं, "पोर घाबरलंय. समजवा त्याला." आणि दुसऱ्या एका खटल्याची तारीख मागायला शेजारच्या कोर्टात धावलो.

व्हरांड्यातल्या बाकावर काय झालं ते मी पुढे सरोद्यांकडून इतक्या वेळा ऐकलं की मीच तिथे होतो असं मला वाटतं. रघू म्हणाला, "सायेब, रविवारी तुमी बोलला त्ये मला लई लागलं. मी दगड मारलाय. आता न्हाई म्हनलो तर तुमचं बोलनं खोटं पडंल."

सरोद्यांचे डोळे भरून आले. जन्मभर ते उपदेश करत होते. त्यांच्या चर्चमधल्या माणसांनी तो पंखे हलवत ऐकला होता, कैद्यांनी पेंगत ऐकला होता. खरोखर ऐकणारं हे पहिलं पोर. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. सगळी सुट्टी त्यातच गेली. कुठल्याही दीडदमडीच्या वकिलाने आधी विचारला असता तो प्रश्न त्यांना सुचला नाही. तुझा दगड लागला कुठे, एवढंच विचारायचं होतं.

मी परत आलो तोवर रघूने पुन्हा कबुली दिली होती. पोराचं वय बघा, पहिलीच चूक आहे, असं सरोदे कळवळून बोलले, पण ते दिवसच तापलेले होते आणि हवालदाराचा डोळा खरोखरच गेला होता. दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

रखमाबाई दाराशी उभी होती. तिने मला विचारलं, "कबूल केलं म्हंजी सोडत्यात न्हवं?"

मी सरोद्यांकडे पाहिलं. सरोद्यांनी जमिनीकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी रघूनेच त्यांना सगळं सांगितलं. गंमत सांगावी तसं. त्याचा दगड इराण्याच्या हॉटेलच्या पाटीवर लागला होता. पाटी ठणकन वाजली तसा हा घाबरून पळाला. हवालदार होता रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"अरे, मग कबूल का म्हणालास?"

"दगड तर मारला हुताच की. तुमीच म्हनला, केलेलं झाकू नये."

त्या संध्याकाळी सरोदे तुरुंगापासून चालत गिरगावात माझ्या दारी आले आणि पायरीवरच बसले. मी त्यांना पाणी दिलं आणि मग तोंड सोडलं. "आपण वकील होतात की कीर्तनकार?" असं मी त्यांना विचारलं. ते पाणी प्यायले, भांडं पायरीवर ठेवलं आणि उठले. मला अजून वाटतं, उलट चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केलेल्याला अपील करता येतं ते फक्त शिक्षेपुरतं. आम्ही तेही केलं, पण शिक्षा काही कमी झाली नाही. मग सरकारकडे दयेचा अर्ज केला. सरोदे पुन्हा त्याच साहेबापुढे जाऊन उभे राहिले. दरम्यान रघूला घाटावरच्या एका तुरुंगात हलवलं होतं. तिथे पुढच्या पावसाळ्यात विषमज्वराची साथ आली आणि रघू गेला. अर्ज तेव्हाही या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच होता.

बातमी सांगायला सरोदे गेले तेव्हा रखमाबाई रडली नाही. भाकरी थापत होती, ती थापून संपवली. नंतर तिने एक नवीनच गोष्ट सुरू केली. आपल्या पोराने एका माणसाचा डोळा फोडला, त्याचं तरी आपण फेडू, म्हणून दर सणाला ती त्या हवालदाराच्या घरी डबा घेऊन जायची आणि त्याच्या पाया पडायची.

हे सरोद्यांना कळलं, आणि त्यांचं जेवण तुटलं. इराण्याच्या पाटीची गोष्ट त्यांना आणि मला ठाऊक होती. रखमाबाईला नव्हती; रघूला घाटावर हलवल्यामुळे तिची त्याची पुन्हा भेटच झाली नव्हती. ती सांगायला ते लालबागच्या नाक्यापर्यंत जात आणि परत येत. मी सांगू का, असं विचारलं तर म्हणत, "नाही आगाशे, हे ओझं माझं आहे." तुरुंगात जाणं त्यांनी सोडलं नाही, पण प्रवचन सोडलं. पोरांचे जामिनाचे अर्ज लिहीत बसायचे. कुणी देवाविषयी विचारलंच तर सांगायचे, "तुझा खटला संपू दे. तोवर मी नुसता वकील." अखेर पोरांसाठी वेगळी बराक मंजूर झाली. मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

साठ सालचा एक मे रविवारी आला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. लालबागभर रोषणाई होती, लेझीम आणि ढोलताशे चालू होते. सरोदे मला म्हणाले, "आगाशे, चला. साक्षीला कुणीतरी हवं."

खानावळीत पंगती उठून गेल्या होत्या. रखमाबाईने त्या दिवशी सगळ्यांना गव्हाची खीर वाढली होती आणि आता ती ताटं पुसत होती. सरोदे बसले नाहीत.

"बाई, तुमच्या रघूने डोळा फोडला नव्हता," ते म्हणाले. "त्याचा दगड इराण्याच्या पाटीवर लागला होता. मी त्याला विचारलं असतं तर तो सुटला असता. मी विचारलं नाही. आणि इतकी वर्षं तुम्हांला सांगायचं धैर्य झालं नाही."

बाहेर ढोल वाजत होते. रखमाबाईने हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्या त्या हवालदाराच्या पाया पडत आले," ती म्हणाली. तिने पुसायचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या रघूनं कबूल केलं, तवा त्याला दोन वर्सं दिली. तुमाला म्या काय देऊ?"

सरोद्यांनी मान खाली घातली.

चुलीजवळ एक पाट होता. रघूचा. कितीही गर्दी झाली तरी रखमाबाई त्यावर कुणाला बसू देत नसे. तिने तो ओढला, पुढे ताट मांडलं, खीर वाढली.

"बसा. दर आयतवारी यायचं, हितं बसायचं, जेवायचं. म्या पुरं म्हनंस्तवर."

तेव्हापासून दर रविवारी तुरुंगातून निघाले की सरोदे खानावळीत जात. रखमाबाई वाढायची, बोलायची नाही. ते समोरचं सगळं संपवून उठायचे. हवालदाराचा डबा मात्र तिने बंद केला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "डोळा तर गेलाच की त्याचा."

सरोदे एका शनिवारी गेले. दुसऱ्या दिवशी शिवडीच्या दफनभूमीतून मी थेट लालबागला आलो. रखमाबाईने पाट मांडला होता, ताट वाढलं होतं. मी सांगितलं.

"म्या अजून पुरं म्हनलं नव्हतं," ती म्हणाली. आणि रघूच्या वेळी न रडलेली ती बाई त्या ताटासमोर बसून रडली.