मुकुट उतरवायच्या आधीचा फोटो

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असतात, आणि नेमकं तेच मला आता सोसत नाही.

बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचा मी चिटणीस. शिवाय आणखी एक ओळख आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर काही भलतंसलतं आलं की लोक मला विचारतात, काका, हे खरं का? मी शोधाशोध करतो, फोटो मुळात कुठला ते काढतो, अफवा असेल तर सगळ्यांसमोर तसं लिहितो. फार मिरवलंय मी हे. आता आठवलं तरी स्वतःची किळस येते.

मंडळाचा देखावा अंबरनाथची सुजाता करायची. आनंदनगरच्या एका कारखान्यामागे तिची शेड होती. त्या वर्षी विषय होता नदी — काळ्या पाण्यात, प्लास्टिकच्या कचऱ्यात बसलेली एक बाई. तुम्ही कधी देखावा तयार होताना पाहिलाय? तिथे पुतळा टाकून देत नाहीत. एका वर्षीची राणी पुढच्या वर्षी भाजीवाली होते. मुकुट उतरवायचा, साडी बदलायची, चेहऱ्यावर रंगाचा हात फिरवायचा की झालं. आमच्याकडे आदल्या वर्षीची देवी पडून होती — पूजेची नव्हे, देखाव्यातली. तिचीच नदी कर, असं सुजाताला मीच सांगितलं. टेम्पोत मीच चढवून दिली.

पुढे एकदा काम बघायला गेलो. पुतळा कचऱ्यात बसवून ती अंदाज घेत होती, मुकुट अजून डोक्यावरच. "काका, मुकुट उतरवायचाय अजून," ती म्हणाली, "आत्ता फोटो नका काढू हां." मी हो म्हणालो. ती रंगाचा डबा आणायला वळली आणि मी काढला. का? मेव्हण्याला दाखवायचं होतं, आमचं मंडळ काय करतंय बघ म्हणून. बस, एवढंच. त्याने तो पुढे ढकलला, आणि गदारोळ झाल्यावर फोटो कुणाकडून आला ते त्यानेही घाबरून कुणाला सांगितलं नाही.

बघता बघता फोटो बदलापूर ओलांडून गेला. खाली मजकूर — देवीला गटारात बसवलं. मग कुणीतरी सुजाताचं आडनाव शोधून काढलं. ती बौद्ध आहे, एवढं समजल्यावर कुणाला आणखी काही समजून घ्यायचं नव्हतं. तिच्याबद्दल, तिच्या आईबद्दल काय काय लिहिलं, ते मी इथे लिहिणार नाही. आरतीला माझ्या शेजारी उभे राहणारे लोक होते ते. वर हसणारी तोंडं चिकटवत होते. पण मी वाचणं थांबवलं का? छे. माझं नाव कुठे येतंय का, तेवढं बघत होतो.

मंडळातल्यांनी पुतळा ओळखला नसेल? पण सगळे माझ्याकडे बघत होते. देखाव्याच्या साड्या ज्यांच्याकडून येतात, त्या उल्हासनगरच्या शेठनी तर ग्रुपवर सरळ विचारलं, "भाऊ, तुम बोलो, सच्ची बात है क्या? तुम बोलोगे तो मैं मानूंगा."

एक ओळ पुरली असती. पुतळा जुना आहे, मी दिलाय, काम अर्धवट आहे. मी लिहिलं — चौकशी केली. फोटो खरा आहे, एडिट केलेला नाही.

बघा, एक शब्दही खोटा नाही. टाइप करून दोनदा वाचलं मी ते, आपण कुठे अडकत तर नाही ना म्हणून. आणि खरं सांगू? पाठवल्यावर हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी माणसं शेडमध्ये घुसली. पुतळे फोडले, रंग ओतले, आणि शेडच्या मालकाने तिला जागा रिकामी करायला सांगितली. हातात माझा मेसेज धरून गेले होते, हे मला नंतर कळलं.

मग मंडळात ठरलं, तिने माफी मागायची, व्हिडिओवर. मजकूर मी लिहिला. मोबाइलही मीच धरला. सुजाता हात जोडून उभी राहिली. ती माझं नाव घेऊ शकली असती, घेतलं नाही. "ही सगळी माझी चूक," एवढं म्हणून ती थांबली आणि मोबाइलवरून नजर काढून माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन म्हणून वाट बघत होती — हे मला तेव्हाच, तिथेच कळलं होतं.

मी म्हणालो, "सुजाता, कॅमेऱ्यात बघ. पुन्हा घेऊ."

दुसऱ्या वेळी तिने नीट कॅमेऱ्यात बघून सगळं म्हटलं. तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर मीच टाकला.