भावजींनी साफ केलेला कॉम्प्युटर

टाकेवाली सकाळी उठली की आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायची आणि तिथून सरळ निघून जायची, कारण समोर बसून राहिलं तर डोकं फिरायचं. भांडी घासून व्हायची, कपडे वाळत पडायचे, नवऱ्याचा डबा भरून व्हायचा, आणि ती हात पुसत पुढच्या खोलीत यायची तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. मग एकामागून एक खिडक्या उघडायच्या. एक म्हणायची, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. दुसरी म्हणायची, तुमचा कॉम्प्युटर फार मंद चाललाय. "हे सांगायला तू आलीस होय," असं पुटपुटत ती दिसेल त्या खिडकीची फुली दाबत सुटायची.

टाकेवाली हे नाव तिला कामावरून पडलं होतं. लग्नाआधी ती हातानं भरतकाम करायची, पुढं बरीच वर्षं कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडल्या, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा घरातल्या पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन बसवलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती वायफायवरून मशीनला पाठवायची, की सुई आपली चालू. शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले, खेळाडूंच्या टोप्या, हॉटेलातले टॉवेल असं काहीबाही सतत येत असायचं. एक टाका वाकडा गेला तरी ती उसवून पुन्हा घालायची. "कोण बघतंय," नवरा म्हणायचा. "मी बघितला ना," एवढंच तिचं उत्तर.

मशीन तिचं होतं, पण कॉम्प्युटरचा कारभार भावजींकडे होता. भावजी म्हणजे तिचे धाकटे दीर. टेलिफोनच्या ऑफिसातून मुदतीआधीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून कंटाळले होते. रविवारी यायचे, चष्मा पुसायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, आज जरा साफसफाई करून टाकतो." मग ते काहीतरी फुकटचं शोधून आणायचे. कचरा काढणारा प्रोग्रॅम, वेग वाढवणारा प्रोग्रॅम, वेग वाढला का ते मोजणारा प्रोग्रॅम. दर रविवारनंतर सोमवारी कॉम्प्युटर आणखी थोडा उशिरा जागा व्हायचा. टाकेवालीनं नवऱ्यापाशी विषय काढला, तर तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा. तो प्रेमानं करतो सगळं."

प्रेमानं करतात, हीच तर अडचण होती. परक्या माणसाला झापता येतं.

त्या आठवड्यात दवाखान्याचं काम हातात होतं. नर्सबायकांच्या ॲप्रनच्या खिशावर दवाखान्याचं चिन्ह भरायचं होतं आणि शनिवारी माल पोचवायचा होता. गठ्ठे देताना तिथला कारकून म्हणाला होता, "आमच्याकडे टाके डॉक्टर घालतात, पण तुमचे जास्त सरळ असतात म्हणे." ती हसली होती. गुरुवारी सकाळी तिनं नक्षी तयार केली, पाठवा म्हटलं, आणि पडद्यावर आलं: मशीन सापडत नाही.

मशीन हाताच्या अंतरावर होतं, हिरवा दिवा लावून. तिनं पुन्हा पाठवलं. सापडत नाही. वायफायचा डबा बंद करून चालू केला. मशीन बंद करून चालू केलं. शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि तो उठेपर्यंत सबंध सकाळ हातची गेली. पेनड्राइव्हनं नक्षी नेता आली असती, पण मशीनची ती खाच मागेच मोडली होती आणि दुरुस्त करून घेऊ घेऊ म्हणत राहून गेली होती. स्वतःवरही चिडायला जागा झाली.

तिनं भावजींना फोन लावला.

"फायरवॉल असणार," भावजी खुशीत म्हणाले. "गेल्या रविवारी नवीन घातलीय ना मी. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून."

"भावजी, आतलंसुद्धा बाहेर जाईना झालंय."

"म्हणजे भक्कम आहे. मी रविवारी येऊन बघतो."

"शनिवारी माल द्यायचाय."

"मग फायरवॉल बंद करा ना थोडा वेळ. सेटिंगमध्ये आहे."

तिनं सेटिंगमध्ये जाऊन फायरवॉल बंद केली. मशीन सापडलं नाही. ॲप्रनचा गठ्ठा खुर्चीवर तसाच पडला होता. ॲप्रनसाठी रडायची वेळ आली म्हणून ती आणखी चिडली.

दुपारी तिनं मशीनच्या कंपनीत फोन केला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. "मॅडम, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघितलात का?"

"बाई गं, तो रीस्टार्ट करायचा म्हणजे माझा अर्धा दिवस जातो. दुसरं काही असेल तर सांग." आवाज चढला होता हे तिचं तिलाच कळलं.

मुलगी काही मनाला लावून घेणारी नव्हती. टाकेवालीचा पडदा तिनं इंटरनेटवरून आपल्यासमोर उघडून घेतला आणि कॉम्प्युटर सुरू होताना काय काय सोबत उठतं ते कुठं दिसतं, हे दाखवलं. टाकेवालीनं वाचायला सुरुवात केली आणि वाचतच राहिली. सफाईवाले, वेगवाले, व्हायरसवाले, सगळे एकाच वेळी दार ढकलत होते.

"यातलं काही तुम्ही वापरता का, मॅडम?"

"एकही नाही."

"आणि फायरवॉल दोन आहेत. तुम्ही बंद केलीत ती कॉम्प्युटरची स्वतःची. ती परत चालू करा. अडवणारी दुसरीच आहे. तिनं तुमच्या भरतकामाच्या प्रोग्रॅमबद्दल विचारलं होतं, जाऊ देऊ का म्हणून. कुणीतरी नको म्हटलंय."

"कुणी?"

"तुमच्याच कॉम्प्युटरवरून, मॅडम. खिडकी आली असेल. फुली दाबली तरी ती नाहीच धरते."

सोमवारी सकाळी दाबलेल्या फुल्या टाकेवालीला आठवल्या.

मग तिनं एकेक करून भावजींचे सगळे प्रोग्रॅम काढले. प्रत्येक जण जाताना विचारत होता, खरंच जाऊ का, का जाऊ, जरा थांबू का. या वेळी मात्र तिनं प्रत्येक अक्षर वाचून मगच बटण दाबलं. शेवटचा रीस्टार्ट केला आणि चहा ठेवायला गेली, तर उकळी फुटायच्या आत कॉम्प्युटर तयार होता. नक्षी गेली. सुई खाली आली. शुक्रवारी तिनं बसल्या जागी जेवून काम संपवलं आणि शनिवारी गठ्ठे पोचते केले.

रविवारी भावजी आले. खुर्ची ओढली, बटण दाबलं. पडद्यानं पासवर्ड मागितला.

"पासवर्ड घातलात वाटतं."

"हो. आणि तुम्ही घातलेलं सगळं काढून टाकलं, भावजी. त्यानंच अडलं होतं."

भावजींनी चष्मा काढला. "फायरवॉल अशी आपण होऊन अडवत नाही. ती आधी विचारते. तिनं विचारलं तेव्हा तुम्ही काय दाबलंत?"

खोटं बोलायचं तिच्या मनात येऊन गेलं. "फुली," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. पण ज्या खिडक्या मला नकोत, त्या माझ्या घरात आल्याच कशाला?"

आतल्या खोलीत पेपर सळसळायचा थांबला. भावजींनी चहा अर्धा प्यायला, कप बशीत ठेवला आणि काम आहे म्हणून उठले. टाकेवाली दारापर्यंत गेली. थांबा म्हणावं असं वाटत होतं, आणि पासवर्ड मात्र द्यायचा नव्हता.

पुढचे काही रविवार ते फिरकले नाहीत. नवरा जेवताना तिच्याकडे न बघता बोलायचा. कॉम्प्युटर रोज झटक्यात उठायचा आणि तिला त्याचाही राग यायचा.

मग एके दिवशी जावेचा फोन आला.

"वहिनी, तुमच्याकडे यायचे थांबलेत ना, तर आता माझा मोबाईल साफ करतायत. काल माहेरी फोन लावता येईना मला."

"काय काय घातलंय ते बघ आणि काढून टाक. नंतर पासवर्ड घाल."

"ते करीन हो. पण त्यांना काय सांगू?"

"ते मला तरी कुठं नीट जमलं," टाकेवाली म्हणाली. "रविवारी दोघं जेवायलाच या. बघू."

"मोबाईल आणू का?"

"तो घरी ठेव."